तारेला गाठ नसते

गजू, यमुनाच्या तारा काल दुपारी सोडल्या. तू असायला हवा होतास. सगळी आखणी तुझी, मी नुसता करवत चालवणारा. आणि ज्या दिवसासाठी तू एवढे महिने प्लास्टरमध्ये हात घालून बसलास, नेमका त्याच दिवशी तू नाहीस. तुला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. शोकसभेत लोक तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले, त्यातलं निम्मं मला ओळखूच आलं नाही. देहूरोडच्या बाजारातला गरिबांचा दंतवैद्य, सदा हसतमुख वगैरे. हसतमुख! सकाळचा दुसरा चहा व्हायच्या आत तुला हसताना पाहिलेला माणूस मला कोणी दाखवावा. ते असू दे. मला तुला कालचं सांगायचंय. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तळेगावच्या सर्जनचं डोकं फिरलं म्हणतील.

तुझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. तिथलं काही हलवलेलं नाही. पहिल्यांदा तू मला तिथे नेलंस तेव्हा मी दारातच थबकलो होतो, आठवतं? तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर पांढरे जबडे. वरचा खालच्यावर ठेवलेला, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव. लढाईच्या काळात तू लष्करात फुटलेले जबडे जोडायला शिकलास आणि परत येताना त्या शिपायांचे साचे ट्रंकेत भरून घेऊन आलास. मी विचारलं, ‘यातले जिवंत किती?’ तू म्हणालास, ‘जबडे सगळे आहेत.’ तेवढ्यात लोणावळ्याकडची गाडी धडधडत गेली, फळ्या हादरल्या आणि खोलीतले सगळे जबडे एकदम कडकड वाजले. तू शांतपणे कपात चहा ओतत होतास. ‘गाडी गेली की बोलतात थोडं,’ म्हणालास. ‘मनावर घेऊ नकोस.’

तुझी काम करायची तऱ्हा तर त्याहून वेगळी. साचा बारीक करवतीने कापायचास, तुकडे मेणाने पुन्हा जोडायचास, मग वरचा जबडा खालच्यावर हलकेच आपटून डोळे मिटून ऐकायचास. सगळे दात नीट बसले की एकच आवाज येतो, टक. एखादी दाढ आधी लागत असली की दोन येतात. मी मोजपट्टी घेऊन बसायचो, तू कान देऊन. आणि मेल्या, बरोबर तूच निघायचास.

‘मेल्या’ लिहिलं आणि हात थांबला बघ. कॉलेजपासून तुला मी हाच शब्द वापरत आलो. आता तो खरा झाला, तर तोंडात कडू लागतोय. पण दुसरा शब्द मला येत नाही, तेव्हा चालवून घे.

यमुनाला तिची आई चाकणच्या बाजूच्या एका गावातून तळेगावला माझ्याकडे घेऊन आली, ती दाढ दुखते म्हणून. पोरगी विशीची, पदराने नाकापर्यंत तोंड झाकलेलं. पदर बाजूला केला तर खालचा जबडा वरच्याच्या करंगळीभर पुढे. पुढच्या दातांची एकमेकांशी जन्मात गाठ पडलेली नव्हती. भाकरी तोडता यायची नाही. आमटीत कुस्करायची आणि टाळूला दाबून गिळायची. बापाच्या घराण्यात सगळ्यांची हनुवटी तशीच. पुरुषांचं दाढीमिशीत खपून गेलं. हिला बघायला आलेले लोक मात्र चहा न घेता उठून गेले. मी दाढ काढली आणि चिठ्ठी देऊन तिला तुझ्याकडे पाठवलं. त्या वेळी मला वाटलं होतं, तू काही होण्यासारखं नाही म्हणशील आणि विषय मिटेल. तू दुसऱ्याच दिवशी तिचा साचा रुमालात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवलास.

खालच्या जबड्यातून दोन्ही बाजूंनी हाडाचा एकेक तुकडा काढायचा, पुढचा भाग मागे सरकवायचा आणि वरचे-खालचे दात एकमेकांना तारेने बांधून हाड जुळेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. सांगायला सोपं. पण किती काढायचं, कुठून काढायचं, हाडाच्या पोटातून जाणारी नस कशी वाचवायची, हे सगळं आधी ठरलेलं पाहिजे. टेबलावर पेशंट झोपल्यावर विचार करायला सवड नसते. तू क्ष-किरणांचा फोटो खिडकीच्या काचेला चिकटवलास, त्यावर पातळ कागद धरून हाडांची रेघ काढलीस आणि कागदाची हनुवटी कात्रीने कापून मागे-पुढे सरकवत बसलास. काही वर्षांपूर्वी मी असल्या हाडाला हात लावला नसता. पण पिंपरीला पेनिसिलीन निघायला लागलं होतं आणि आम्हा सर्जन मंडळींना जरा जास्तच धीर चढला होता.

मग तुला तिचा चेहराही हवा झाला. ‘दात कळले रे, माणूस कळला नाही,’ म्हणालास. मी म्हटलं, शिल्पकार कधीपासून झालास? तू ऐकतोस होय. तिच्या नाकात नळ्या घातल्यास, डोळे मिटायला सांगितलंस आणि तोंडभर ओलं प्लास्टर थापलंस. पोरगी धीराची. हूं की चूं केलं नाही. त्या साच्यातून तिचा चेहरा निघाला, पांढराफटक, डोळे मिटलेला. त्याची खालची बाजू तू कापलीस, आखणीप्रमाणे मागे घेतलीस, मेणाने सांधे बुजवून गुळगुळीत केलंस आणि वाळायला टेबलावर ठेवून दिलंस. ऑपरेशननंतर यमुना अशी दिसेल, एवढंच तुला बघायचं होतं.

तिची आई भर दुपारी पोरीला न्यायला आली आणि थेट आत शिरली. मीही होतो तिथे. त्या चेहऱ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि खालीच बसली.

‘अक्का,’ ती म्हणाली.

‘कोण अक्का?’ मी विचारलं.

‘माजी थोरली भन. तुमी तिला कुठं बगितली? ती जाऊन लई वरसं झाली. यमी तवा पोटात बी न्हवती.’

मी तिला समजावून सांगितलं. मला ते सोपंही वाटलं. पोरीच्या तोंडावर बापाच्या घरची हनुवटी होती. ती काढल्यावर खाली उरलं ते आईचं माहेर. मावशीसारखी भाची दिसली तर त्यात नवल ते काय? बाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने पदराच्या टोकाने त्या प्लास्टरच्या गालावरची धूळ पुसली आणि विचारलं, ‘म्हंजी अक्का इतके दिस आतच व्हती?’

तू म्हणालास, ‘व्हय.’

त्या एका ‘व्हय’वरून आपलं जे भांडण लागलं ते मिटलं नाहीच. बाई गेल्यावर तू म्हणालास, ‘वसंता, थोडं कमी मागे घेऊ. पुढचे दात नुसते टेकले तरी पुरे. बापाची थोडी हनुवटी राहू दे तिच्या तोंडावर.’

‘दात टेकवायला मी हाड कापत नाही,’ मी म्हणालो. ‘कापायचं तर पुरतं जुळवायचं.’

‘आणि आईने तिला ओळखलं नाही तर?’

‘आई आहे ती. ओळखेल.’

‘आई आहे म्हणूनच म्हणतोय.’

माझं म्हणणं एवढंच होतं की आपण हाडाचे लोक, हाडापुरतं बघावं. तुझं म्हणणं, घरात एक पोरगी आहे. तिच्या जागी मेलेली बाई नेऊन बसवायचा आपल्याला काय अधिकार? भुताखेताच्या गोष्टी करतोस म्हणून मी तुझी टर उडवली. तू चिडून म्हणालास, भूत तिच्या आईच्या डोळ्यात आहे, मी बोलतोय ते आईच्या डोळ्यांबद्दल. शेवटी तूच म्हणालास, यमुनालाच विचारू. विचारलं. तिने दोन्ही साचे पाहिले, पूर्ण मागे घेतलेला आणि थोडा कमी घेतलेला, आणि तेव्हाच्या तिच्या त्या अडखळत्या बोलीत म्हणाली, ‘मला भाकर तोडता आली पायजे. त्वांड कुनाचं का असंना.’

मी तुझ्याकडे कुस्ती मारल्यासारखं बघितलं. तू कमी मागे घेतलेला साचा उचलून आत नेऊन ठेवलास.

ऑपरेशन उत्तम झालं हे तुला माहीत आहे. मी काढलेले हाडाचे तुकडे तू आपल्या प्लास्टरच्या तुकड्यांशेजारी धरून पाहिलेस, काडीचा फरक नव्हता. मग तू तारा बांधायला लागलास. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, ‘डॉक्टर, ही गाठ जरा सैल वाटते,’ आणि तू हातातलं काम थांबवून त्यांना झापलंस. तारेला गाठ नसते, पीळ असतो. गाठ मारली तर तार तुटते, पीळ दिला तर धरते. माझ्या थिएटरमध्ये हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही पाहिजे. थिएटर तुझं कधी झालं, हे मी विचारलं नाही. वरून तू हनुवटीखालून डोक्यापर्यंत कापडाची पट्टी घेतलीस आणि तिची गाठ टाळूवर बांधलीस. ती मात्र खरीच गाठ होती.

वॉर्डात तिला आणलं तेव्हा सगळ्या बाया गप्प झाल्या. आपल्या दोघांच्याही तेव्हा लक्षात आलं नव्हतं. अशी पट्टी आपल्याकडे एकाच माणसाला बांधतात. माणूस गेलं की त्याचं तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटी बांधतात, अगदी अशीच, गाठ वर. आणि ही तशी बांधलेली पोरगी डोळे उघडे ठेवून कॉटवर बसलेली. शेजारच्या बाईने आपली कॉट पलीकडच्या भिंतीला नेऊन लावली.

तू रोज दुपारच्या गाडीने येत राहिलास. चोचीच्या भांड्यातून तिला पेज नीट जाते ना बघायचास, तारा चाचपायचास. मग अंगठा तिच्या हनुवटीखाली दाबून विचारायचास, ‘मिटलं?’ ती मान हलवायची. ओठ मोकळे होते, म्हणून तिच्याकडून प, फ, ब, भ, म घोकून घ्यायचास. तिचे ओठ आधी कधी धड मिटलेच नव्हते. दातांआडून ती पोपट म्हणायची, पपई म्हणायची आणि तुम्ही दोघं हसायचात. वॉर्डातल्या बाया देवाचं नाव घेत दुसरीकडे बघायच्या.

माझ्याशी मात्र तू धड बोलत नव्हतास. ‘ती भाकरीला हो म्हणाली, वसंता,’ म्हणायचास. ‘चेहऱ्याला हो म्हणाली नाही.’ मी म्हणायचो, विचारायची हौस तुझीच होती. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात पुन्हा तेच झालं. तू म्हणालास, भुकेल्या माणसाला चेहऱ्याचं विचारायचंच नसतं, आपण चुकलो. मी म्हटलं, तू चुकला असशील. चहा समोर आलेला तू तसाच टाकलास आणि स्टेशनकडे चालायला लागलास. ‘सूज उतरू दे, मग बघू कोण हसतं ते!’ मी मागून ओरडलो. तू न वळता हात वर केलास. तो ‘बस झालं’ असा होता की ‘येतो’ असा, याचा मी तेव्हापासून विचार करतोय.

दुसऱ्या दिवशी तुला लष्करी ट्रकमधून आणलं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात तू पेशंटच्याच खुर्चीत मान टाकून बसलास आणि उठला नाहीस. बाजारातल्या लोकांना वाटलं, डुलकी लागली. मी छाती ऐकली, डोळ्यांत उजेड टाकला, जे जे करायचं ते केलं. करण्यासारखं काही नव्हतं. मग सिस्टरांनी पट्टी पुढे केली. तुझा जबडा मी बांधला, गजू. कोणाला हात लावू दिला नाही. हनुवटीखालून वर घेतली आणि टाळूवर गाठ मारली, तू यमुनाला मारली होतीस तशी. तुझ्या मागे कोणी नसल्यामुळे रात्रभर इस्पितळातच ठेवलं आणि सकाळी व्हरांड्यात तिरडी बांधायला घेतली.

आता ऐक, हे तुला माहीत नाही. लख्ख ऊन पडलं होतं. देहूरोडची माणसं अंगणात जमली होती. आणि वॉर्डाच्या दारातून यमुना बाहेर आली. डोक्याला पट्टी, तोंड मिटलेलं, चेहरा सुजून गोल झालेला. ती चालत तुझ्यापर्यंत आली आणि बसली. एक बांधलेलं तोंड आडवं, एक बांधलेलं तोंड त्याच्यावर वाकलेलं. अंगणातली माणसं मागे सरकली. तिने हात पुढे केला, अंगठा तुझ्या हनुवटीखाली दाबला आणि दातांआडून विचारलं, ‘मिटलं?’

मला तिथे उभं राहवेना. पण जाणार कुठे?

तिच्या आईने मला बाजूला घेतलं. ‘डाक्टर, यमीची गाठ सोडा.’

मी म्हटलं, हाड अजून कच्चं आहे. अजून काही आठवडे तरी तारा ठेवाव्या लागतील.

‘आमच्यात मयताची गाठ सोडून मग अग्नी देत्यात. हेंची गाठ आता सुटंल. यमीला बांधलं बी ह्येंनीच. एकाची सुटली आन् दुसरीची तशीच ऱ्हायली तर त्ये तिला संगं न्हेत्याल.’

‘असं काही नसतं.’

‘तुमच्यात नसंल. म्या आज पोरीला घरी न्हेते. घरी आडकित्ता हाय, तारा म्या तोडीन.’

तिने ते नुसतं धमकी म्हणून म्हटलेलं नव्हतं. पोरीचं बोचकं बांधून तयार होतं. त्या बाईने आडकित्ता चालवला असता तर कच्चं हाड सुटलं असतं, पिकलं असतं, पोरगी हातची गेली असती. रागावून बघितलं, गयावया करून बघितलं. ती एकच म्हणत होती, गाठ सोडा, गाठ सोडा. आणि मग मला तुझं ते सिस्टरांना झापणं आठवलं.

‘बाई,’ मी म्हटलं, ‘आत गाठ नाहीच. तारेला गाठ नसते, पीळ असतो. गाठ एकच आहे, वर कापडाची.’

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग पोरीला जवळ घेतलं, तिचा ओठ बोटाने वर उचलला आणि उन्हाकडे तोंड करून तारांची टोकं एकेक करून न्याहाळली. खूप वेळ लावला. तिरडीभोवतालची माणसं खोळंबली होती.

‘पीळच हाय,’ ती अखेर म्हणाली. ‘गाठ न्हाई.’

मी आधी तुझी पट्टी सोडली, मग त्याच हाताने यमुनाची. हात तोच पाहिजे, असं बाईने बजावलं होतं. तुझं तोंड उघडलं नाही. तोवर अंग ताठलं होतं. तिचंही उघडलं नाही. तुझी पट्टी तुझ्याबरोबर इंद्रायणीच्या काठी आली आणि तिची बाईने चुलीत घातली. अग्नी मी दिला. त्या पोरीचा जबडा दुसऱ्यांदा वाचला तो तुझ्या एका शब्दामुळे, हे तुझ्या कानावर घालायचं राहून गेलं.

पुढचे दिवस मी यमुनाच्या कॉटकडे जायचं टाळत होतो. तारा बघायचो, तोंडाकडे बघायचो नाही. तिची आईही तसंच करत होती. सूज जसजशी उतरत गेली, तसतसा ती पोरीचा पदर पुढे ओढत गेली. पेज भरवायची ती भिंतीकडे बघत. यमुना सगळं निमूट सोसत होती. एकदा तिने मला दातांआडून विचारलं, ‘आये माज्याकडं का बगत न्हाई?’ मी म्हटलं, तिला सूज बघवत नाही. सूज तर केव्हाच उतरली होती. गजू, त्या दिवशी मला पहिल्यांदा तुझी भीती पटली. हाड जुळून येत होतं आणि घरातून एक लेक नाहीशी होत होती, आणि त्याखाली सही माझी होती.

काल दुपारी तारा सोडल्या. एकेक पीळ उलगडला, तारा ओढून काढल्या. तोंड जेमतेम बोटभर उघडलं, पण उघडलं. मी म्हटलं, मिट बघू हळूच. तिने मिटलं. टक. एकच आवाज. मी मान वळवली, तुला सांगायला. तिथे सलाइनचा स्टँड होता.

मग मी पदर मागे केला. आई समोरच्या स्टुलावर बसली होती. तिला बघावं लागलं.

प्लास्टरमध्ये तू घडवलंस तेच तोंड होतं. फक्त डोळे उघडे होते. यमुना ओठ चाचपडत होती, तू शिकवल्यासारखे ते जुळवत होती, पुन्हा उघडत होती. आणि मग तिने आईकडे बघून अगदी स्वच्छ म्हटलं, ‘पारू.’

‘ओ,’ बाई म्हणाली.

असं काही म्हणाली ती ते, गजू, की मी हातातली पक्कड खाली ठेवली. लहान पोर मागच्या दारातून ओ देतं तसं होतं ते. ती उठली, त्या तोंडाला दोन्ही हात लावले आणि रडायला लागली. यमुना गोंधळली. ‘आये, काय झालं? का रडतीस?’

‘तू हाक मारलीस न्हवं.’

‘म्या कुठं हाक मारली? म्या ओठ मिटून बघत व्हते.’

‘बरं,’ बाई म्हणाली. ‘न्हाई मारली.’

नंतर व्हरांड्यात तिने मला सांगितलं. पारू हे तिचं माहेरचं नाव. त्या नावाने तिला फक्त अक्का हाक मारायची. सासरी ती यमीची आई. नवराही तेवढंच म्हणतो. पोरीला हे नाव ठाऊक नाही. मी म्हटलं, कधीतरी आजोळी कानावर पडलं असेल. प-फ-ब घोकत होती, त्यात ते ओठावर आलं असेल. बाई म्हणाली, ‘आसंल.’ वाद घातला नाही. मग म्हणाली, ‘अक्काच्या बाळंतपनाला म्या गेले न्हाई. सुगी व्हती, सासू सोडंना. अक्का रुसून बसली आन् त्यातच गेली. इतकी वरसं मला वाटायचं, आता कदी दिसली तर त्वांड फिरवंल.’ तिने डोळे पुसले. ‘न्हाई फिरवलं.’

आणि पायऱ्या उतरताना तिने खणखणीत आवाजात हाक दिली, ‘यमे, पदर सांभाळ, पाय अडकंल.’ पोरगी ‘व्हय गं’ म्हणाली. तोंडावर पदर नव्हता. दोघी चाकणच्या एस.टी.कडे बडबडत गेल्या, आणि मी खांबाला टेकून बघत राहिलो. तू म्हणत होतास तसं झालं नाही, आणि मी म्हणत होतो तसंही नाही. आईने लेकीला ओळखलं. आधी दुसऱ्या कोणाला तरी ओळखलं, मग लेकीला.

मला त्या बाईचा हेवा वाटला, हे तुला सांगतो. तिची बहीण रुसून गेली आणि एवढ्या वर्षांनी का होईना, एका तोंडातून तिला हाक मारून गेली. तुझं तसं काही नाही. तू लग्न केलं नाहीस, भाऊ नाही, बहीण नाही. तुझी हनुवटी कोणाच्याच तोंडाखाली दडलेली नाही, की मी ती कापून बाहेर काढावी. माझ्यावर चिडून गेलास आणि आता मला तुझा शब्द मिळायला कुठलीच जागा नाही. मला तुझी फार आठवण येते रे. भांडायला तर येतेच, पण नुसती मोजपट्टी हातात घेतली तरी येते.

आज सकाळी देहूरोडला तुझी खोली झाडून घ्यायला गेलो होतो. बाजारात एक माणूस कंदिलाच्या काचा विकायला बसला होता. परगावचा असावा, याआधी कधी दिसला नव्हता. खाली मान घालून काचा पुसत होता. मी पुढे गेलो आणि परत आलो. कानापासून हनुवटीपर्यंतची रेघ तुझी होती. मला चूक होणार नाही, ही रेघ मी स्वतःच्या हाताने बांधलेली आहे. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. भर बाजारात, उन्हात, हाड म्हणजे हाड असं सगळ्यांना बजावणारा मी, एका परक्या माणसाच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिलो. त्याने मान वर केली.

‘काय पाहिजे, साहेब?’

आवाज तुझा नव्हता. तरीही मी त्याला म्हणालो, ‘पुन्हा एकदा बोला.’